विधानसभेचा अध्यक्ष गुप्त मतदानाने निवडावा का?

तलावपाळी
गेल्या आठवड्यात माझी भाची अभ्यासासाठी आमच्याकडे ठाण्याला राहायला आली होती. ती बारावीला असून तिचा राज्यशास्त्र हा विषय आहे. रात्री जेवताना तिने विचारले, "मामा, राष्ट्रपतींना मत देताना आमदाराचे मत गुप्त असते, मग विधानसभेचा अध्यक्ष निवडताना त्याच आमदाराला सगळ्यांसमोर उभे का राहावे लागते?" मला तिला समाधानकारक उत्तर देता आले नाही, आणि तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

महाराष्ट्र विधानसभेत अध्यक्षपदासाठी एकापेक्षा अधिक उमेदवार असतील तर गुप्त मतदान घ्यावे, असा नियम पूर्वी होता. तेव्हाचे अध्यक्ष नाना पटोले यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये राजीनामा दिला आणि पद रिकामे झाले. त्याच वर्षी डिसेंबरच्या अधिवेशनात महाविकास आघाडीच्या सरकारने नियम बदलून मतदान खुले केले. तत्कालीन विरोधी पक्षाने त्याला कडाडून विरोध केला, राज्यपालांनीही हरकत घेतली आणि निवडणूक लांबतच गेली. ती अखेर झाली ३ जुलै २०२२ रोजी, सरकार बदलल्यानंतर, पण त्याच बदललेल्या नियमाने. शिरगणती सुरू झाल्यावर एकेक सदस्य उभा राहून आपले नाव आणि क्रमांक सांगत होता, आणि मी दूरचित्रवाणीसमोर बसून ते सगळे पाहिले आहे. राहुल नार्वेकर यांना १६४ आणि राजन साळवी यांना १०७ मते मिळाली.

माझे मत स्पष्ट आहे. अध्यक्ष हा सभागृहाचा असतो, सरकारचा नसतो. ज्याने पुढे आमदारांच्या अपात्रतेचा निवाडा करायचा, त्याला पक्षनेत्याच्या डोळ्यांदेखत निवडणे योग्य नाही. मतदान गुप्तच असावे. आपणा सर्वांना काय वाटते?

सानपाडेकर
काका, मी पूर्णपणे असहमत आहे. गुप्त मतदान हा मतदाराचा अधिकार आहे, प्रतिनिधीचा नव्हे. मी मतदान केंद्रात पडद्याआड मत देतो, कारण मी स्वतःपुरते मत देतो आणि त्याचा जाब मला कोणी विचारू नये. आमदार मात्र माझ्या वतीने मत देतो, आणि त्याने ते कोणाला दिले हे मला कळलेच पाहिजे. पडद्याआड काय होते ते आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. मते फुटतात, आमदारांना बसमध्ये घालून हॉटेलात ठेवावे लागते, आणि शेवटी कोणी काय केले हे कधीच सिद्ध होत नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत हा घोडेबाजार थांबावा म्हणूनच २००३ मध्ये कायदा बदलून तेथे खुले मतदान आणले गेले, आणि पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल वैध ठरवला.

कायद्याची_विद्यार्थिनी
काकांच्या भाचीचा प्रश्न फार नेमका आहे, म्हणून आधी राज्यघटनेत काय आहे ते सांगते. राष्ट्रपतींची निवडणूक गुप्त मतदानाने व्हावी हे अनुच्छेद ५५ मध्ये आणि उपराष्ट्रपतींची निवडणूक गुप्त मतदानाने व्हावी हे अनुच्छेद ६६ मध्ये स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. विधानसभा अध्यक्षासाठी अनुच्छेद १७८ आहे आणि त्यात एवढेच म्हटले आहे की, विधानसभा आपल्यापैकी दोन सदस्यांना अध्यक्ष व उपाध्यक्ष म्हणून निवडेल. पद्धत सांगितलेली नाही. कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार अनुच्छेद २०८ ने सभागृहाला दिला आहे आणि महाराष्ट्रातील गुप्त मतदान हे त्या नियमांतून आलेले होते. म्हणून नियम बदलणे बेकायदा नव्हते. त्या दुरुस्तीविरुद्ध भाजपचे आमदार गिरीश महाजन यांनी केलेली याचिका मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये फेटाळली.

लोकसभेतही गुप्त मतदान नाही. प्रस्ताव मांडला जातो, त्याला अनुमोदन मिळते आणि मग प्रस्ताव क्रमाने मताला टाकले जातात. एक संमत झाला की पुढचे मताला टाकतच नाहीत. जून २०२४ मध्ये ओम बिर्ला यांची निवड आवाजी मतदानाने झाली आणि विरोधकांनी मतविभागणीचा, म्हणजे प्रत्यक्ष मते मोजण्याचा, आग्रह धरला नाही.

कायदेशीर काय हे असे ठरलेले आहे. योग्य काय, यावर चर्चा व्हायला हवी.

मुरबाडकर
एक आठवण नोंदवतो. २०१९ मध्ये आमच्या मुरबाडचे आमदार किसन कथोरे हे अध्यक्षपदासाठी भाजपचे उमेदवार होते. त्यांनी अर्ज मागे घेतला आणि पटोले बिनविरोध निवडून आले. महाराष्ट्रात बहुतेक वेळा हे पद असे बिनविरोधच ठरले आहे, त्यामुळे गुप्त की खुले हा वाद एवढी वर्षे पेटला नाही.

नेरूळ_पूर्व
विधानसभेचा अनुभव मला नाही, पण आमच्या नेरूळच्या गृहनिर्माण संस्थेत कार्यकारिणीची निवडणूक मी स्वतः घेतली आहे, ती इथे सांगण्यासारखी आहे. आमच्या ५६ सदनिका आहेत. आधीच्या एका निवडणुकीत हात वर करून निवड झाली होती. तेव्हाचे अध्यक्ष पहिल्या रांगेत खुर्ची उलटी फिरवून सभासदांकडे तोंड करून बसले होते. ज्यांच्या घरी गळती होती, ज्यांचा पार्किंगचा अर्ज त्यांच्याकडे अडकून पडला होता, त्या सगळ्यांनी खाली मान घालून हात वर केला.

पुढच्या वेळी मी निवडणूक निर्णय अधिकारी होतो. मिठाईच्या खोक्याला वरून चीर पाडली, चारही बाजूंनी कागद चिकटवून त्यावर तिन्ही उमेदवारांच्या सह्या घेतल्या आणि जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत एक टेबल ठेवले. सुरुवातीला प्रत्येक जण आपापल्या खिशातील पेनाने खूण करत होता. चौथ्या-पाचव्या मतदाराच्या वेळी माझ्या लक्षात आले की एका काकूंकडे हिरव्या शाईचे पेन आहे. त्यांना थांबवले, आधी टाकलेल्या मतपत्रिका सर्वांच्या समक्ष फाडल्या आणि एकच निळे पेन दोरीने टेबलाला बांधून पुन्हा सुरुवातीपासून मतदान घेतले. निकाल उलटला. कोणी कोणाला मत दिले हे आजही मला माहीत नाही आणि मला ते माहीत करून घ्यायचेही नाही. ज्याच्या हातात आपली कामे आहेत त्याच्या डोळ्यांसमोर मत द्यावे लागले, तर ते मत आपले राहत नाही. आमदाराचेही तसेच आहे, कारण त्याची उमेदवारी पक्षनेत्याच्या हातात असते.

सानपाडेकर
नेरूळकर, आपण फार चांगले लिहिले आहे, परंतु सभासद हा स्वतःच मतदार असतो. आपल्या काकू कोणाच्या प्रतिनिधी नव्हत्या. माझा मुद्दा तसाच उभा आहे.

वर्तकनगर
मी ठाण्यात जन्मलो आणि इथेच वाढलो. माझ्या वयाच्या ठाणेकरांना १९८९ ची महापौरपदाची निवडणूक आठवत असेल. मते फुटल्याचा संशय आणि त्यानंतर एका नगरसेवकाचा झालेला खून हा या शहरावरचा न पुसला जाणारा डाग आहे. मी तेव्हा महाविद्यालयात होतो आणि आमच्या चाळीत कितीतरी दिवस लोक या विषयावर दार लावून बोलत असत. त्या प्रकरणातून मी एक गोष्ट शिकलो. संशय घ्यायला पुरावा लागत नाही. मत गुप्त असले तरी संख्या कमी असेल, तर नेते बोटांवर मोजून नावे काढतात, आणि ती चुकीची असली तरी शिक्षा होते.

दुसरी गोष्ट, गुप्तता ही केवळ नियमात लिहून येत नाही. पसंतीक्रमाच्या निवडणुकीत पक्ष आपल्या प्रत्येक सदस्याला वेगळा क्रम ठरवून देऊ शकतो. पहिली पसंती एकच, पण खालचे क्रम प्रत्येकाचे निराळे, म्हणजे मतमोजणीच्या टेबलावर बसलेल्या प्रतिनिधीला कोणती मतपत्रिका कोणाची हे कळू शकते. अध्यक्षाच्या निवडणुकीत एकाच नावापुढे खूण करायची असल्यास ही सोय उरत नाही, हे गुप्त मतदानाच्या बाजूने सांगायला हवे.

सानपाडेकर, आपण राज्यसभेचे उदाहरण दिलेत. १० जून २०२२ रोजी राज्यसभेची निवडणूक खुल्या मतदानाने झाली आणि २० जूनला विधान परिषदेची गुप्त मतदानाने. दोन्हींत आघाडीचे गणित चुकले. गुप्त मतदानात पक्षाच्या आमदारांचीही मते फुटली हे खरे, पण खुल्या मतदानात अपक्ष आणि लहान पक्षांनी जे करायचे ते केलेच. घोडेबाजार पडद्यामुळे होतो असे मानणे मला पटत नाही. विकले जायचे असेल तर माणूस उजेडातही विकला जातो.

ऐरोली_सेक्टर८
इतर देशांत काय घडले ते थोडे पाहू या.

कॅनडात पूर्वी अध्यक्ष पंतप्रधानांच्या पसंतीने ठरत असे. मॅग्राथ समितीने १९८५ मध्ये शिफारस केल्यानंतर ३० सप्टेंबर १९८६ रोजी तेथे पहिल्यांदा गुप्त मतदानाने अध्यक्ष निवडला गेला. जॉन फ्रेझर निवडून येण्यास ११ फेऱ्या आणि जवळजवळ १२ तास लागले. त्यांच्याकडे कोणाला किती मते पडली हेही जाहीर करत नाहीत, आणि मोजणीनंतर मतपत्रिका नष्ट केल्या जातात. याचा विचार करावासा वाटतो, कारण आकडा कळला नाही की संशयाला आधारच उरत नाही. वर्तकनगर यांनी सांगितलेली बोटांवरची मोजणी तेथे करताच येत नाही.

ब्रिटनमध्ये खासदारांच्या खर्चाच्या प्रकरणानंतर मायकेल मार्टिन यांना पद सोडावे लागले आणि २२ जून २००९ रोजी जॉन बर्को हे गुप्त मतदानाने निवडलेले पहिले अध्यक्ष झाले. उमेदवारी अर्जावर १२ ते १५ सदस्यांच्या सह्या लागतात आणि त्यांपैकी किमान ३ सह्या उमेदवाराच्या पक्षाबाहेरच्या असाव्या लागतात. मतांचे आकडे मात्र तेथे जाहीर करतात. २०१९ मध्ये लिंडसे हॉईल चौथ्या फेरीत ३२५ विरुद्ध २१३ मतांनी निवडून आले.

मला सर्वांत आवडलेली तरतूद म्हणजे त्या तीन सह्या. पडदा नंतर येतो. आधी दुसऱ्या पक्षातील तीन माणसांनी उघडपणे म्हणावे लागते की, हा गृहस्थ आम्हाला चालेल.

मुरबाडकर
अमेरिकेत उलट झाले आहे. तेथील प्रतिनिधिगृहाने १८३९ मध्ये मतपत्रिका सोडून नाव पुकारून मत घेण्याची पद्धत स्वीकारली. जानेवारी २०२३ मध्ये केविन मॅकार्थी यांना अध्यक्षपदी निवडून येण्यास १५ फेऱ्या लागल्या, आणि प्रत्येक फेरीत कोण अडून बसले आहे हे साऱ्या जगाला दिसत होते.

घोडबंदर
ऐरोलीकरांनी ब्रिटनची अर्धी गोष्ट सांगितली, उरलेली मी सांगतो, कारण या धाग्यासाठी तोच भाग अधिक महत्त्वाचा आहे.

निवडणुकीनंतर नवी संसद भरली की जुना अध्यक्ष पुन्हा उभा असेल, तर त्याच्या फेरनिवडीचा साधा प्रस्ताव उघडपणे मताला टाकतात. मार्च २०१५ मध्ये, संसद विसर्जित होण्यापूर्वीच्या शेवटच्या दिवशी, सरकारने अचानक प्रस्ताव आणला की फेरनिवडीवर मतभेद झाल्यास यापुढे गुप्त मतदान घ्यावे. वरकरणी सुधारणाच, पण बर्को यांना हटवण्यासाठी ती आखली आहे हे सर्वांना समजले, कारण पडद्याआड त्यांच्याविरुद्ध मत देणे सोपे झाले असते. कार्यपद्धती समितीचे प्रमुख चार्ल्स वॉकर हे सत्ताधारी पक्षाचेच होते. आदल्या दिवसांत ते सरकारमधील मंत्र्यांना भेटले होते, आणि कोणीही त्यांना याची कल्पना दिली नव्हती. ते सभागृहात उभे राहिले तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता. आपल्याला फसवण्यात आले, असे ते म्हणाले, आणि विरोधी बाकांनी टाळ्या वाजवून त्यांना साथ दिली. प्रस्ताव २२८ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला, आणि तो फेटाळणारे मतदान खुले होते.

म्हणून काका, 'मतदान गुप्तच असावे' एवढे म्हणून भागणार नाही. प्रथम निवडताना गुप्ततेमुळे सदस्य नेत्यापासून मोकळा होतो, पण बसलेल्या अध्यक्षाला उठवताना तीच गुप्तता सरकारच्या हातातील सुरी होऊ शकते. आपल्याकडे अध्यक्षाला पदावरून दूर करायचे असल्यास १४ दिवसांची नोटीस आणि सभागृहाच्या तत्कालीन सर्व सदस्यांचे बहुमत लागते, आणि ते मतदान उघडच राहायला हवे असे मला वाटते.

सानपाडेकर
घोडबंदरकर, हे मला ठाऊक नव्हते. मनापासून आभार. पण मग ब्रिटनची तुलना आणखी एका ठिकाणी तुटते. तेथे अध्यक्ष झाल्यावर माणूस पक्ष सोडतो आणि पुढच्या निवडणुकीत मोठे पक्ष सहसा त्याच्याविरुद्ध उमेदवार देत नाहीत. तेथे आपल्यासारखा पक्षांतरबंदीचा कायदाही नाही. आपल्याकडे अध्यक्ष पक्षातच राहतो आणि त्याला पुढच्या निवडणुकीचे तिकीट त्याच पक्षाकडून हवे असते. मतपेटी गुप्त केली तरी हा धागा तुटत नाही.

कायद्याची_विद्यार्थिनी
सानपाडेकर सरांनी दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीच्या, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याच्या, परिच्छेद ५ मध्ये तरतूद आहे की, अध्यक्षपदी निवडून आल्यावर सदस्याने पक्षाचे सदस्यत्व सोडले तर तो अपात्र ठरत नाही. दार उघडे आहे, पण त्यातून बाहेर पडणारा क्वचितच दिसतो. ही अनुसूची येण्याच्या कितीतरी आधी, १९६७ मध्ये, नीलम संजीव रेड्डी यांनी लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर काँग्रेसचा राजीनामा दिला होता.

व्हिपचाही, म्हणजे मत कसे द्यावे या पक्षाच्या आदेशाचाही, विचार करा. जुलै २०२२ मध्ये अध्यक्षाच्या निवडणुकीसाठी शिवसेनेच्या दोन्ही गटांनी आपापला व्हिप काढला. मतदान उघड होते, म्हणून कोणी कोणता व्हिप मोडला याची नोंद राहिली आणि त्यावरून अपात्रतेच्या याचिका झाल्या. त्या याचिकांचा निवाडा कोणी करायचा होता? त्याच मतदानाने निवडून आलेल्या अध्यक्षाने. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ च्या निकालात तो निर्णय अध्यक्षांकडेच सोपवला आणि अध्यक्षांनी तो १० जानेवारी २०२४ रोजी दिला. निर्णय बरोबर की चूक हा या धाग्याचा विषय नाही. ज्यांनी मला उघडपणे मत दिले त्यांच्याच आमदारकीचा फैसला मी करायचा, ही रचना कोणत्याही सज्जन माणसाला अडचणीत टाकणारी आहे. गुप्त मतदान असते तर निदान कोणी मत दिले हे अध्यक्षाला ठाऊक नसते.

हे काम अध्यक्षाकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावे, याचा संसदेने विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात म्हटले होते. तसे झाले तर गुप्त की खुले या वादाची धार बरीच कमी होईल.

नेरूळ_पूर्व
ताई, 'मला मत देणारा कोण हे अध्यक्षाला ठाऊक नसते' हा मुद्दा माझ्या मनात आलाच नव्हता. आपण सगळे मत देणाऱ्याच्या भीतीविषयी बोलत होतो, पण निवडून आलेल्याचे ओझेही गुप्ततेने उतरते. आमच्या संस्थेत नवे अध्यक्ष झाले, तेव्हा ५६ पैकी प्रत्येक घराशी त्यांना सारखेच वागावे लागले, कारण आपले कोण आणि परके कोण हे त्यांना कळायला मार्गच नव्हता.

वाचनवेडी
जुना संदर्भ देते. पहिल्या लोकसभेत १९५२ मध्ये अध्यक्षपदासाठी दादासाहेब मावळंकर यांच्याविरुद्ध शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे उभे होते आणि मावळंकर ३९४ विरुद्ध ५५ मतांनी जिंकले. दोघेही मराठी माणसे. पराभव निश्चित असतानाही निवडणूक लढवली गेली, मते उघड पडली आणि कोणाचे काही बिघडले नाही. तेव्हा पक्षांतरबंदीही नव्हती आणि हॉटेलेही नव्हती. मला वाटते, आजार मतदानाच्या पद्धतीत नाही.

घोडबंदर
वाचनवेडी ताई, आजार दुसरीकडे आहे हे मान्य, पण रोग्याला उन्हात बसवावे की सावलीत, हेही ठरवावेच लागते.

तलावपाळी
सर्वांचे मनापासून आभार. मी सर्व प्रतिसाद छापून घेतले आणि काल संध्याकाळी भाचीला वाचून दाखवले. माझे मूळ मत मी सोडलेले नाही, पण ते जसेच्या तसे राहिले आहे असेही नाही.

सानपाडेकर, आपला प्रतिनिधीचा मुद्दा मी टाळणार नाही. अर्थसंकल्प, विधेयक, विश्वासदर्शक ठराव यांत माझ्या आमदाराने काय केले हे मला कळलेच पाहिजे, कारण ते निर्णय माझ्यासाठी घेतलेले असतात. अध्यक्षाची निवड त्याहून वेगळी आहे. सदस्य तेथे स्वतःसाठी पंच निवडत असतात. विरोधी बाकावरील सदस्याला बोलायला वेळ मिळेल का, त्याचा स्थगन प्रस्ताव वाचला तरी जाईल का, हे ज्याच्या हातात आहे त्याला निवडताना सभागृहातील प्रत्येक जण मतदारच असतो, जसे नेरूळकरांच्या संस्थेतील सभासद होते.

म्हणून मला आता असे वाटते. उमेदवारी अर्जावर दुसऱ्या पक्षाच्या सदस्यांच्या सह्या सक्तीच्या असाव्यात आणि त्या उघड असाव्यात. मतदान गुप्त असावे आणि एकाच नावापुढे खूण करायची असावी. आकडे जाहीर करावेत की नाही, यावर माझे मन अजून ठरत नाही. कॅनडाची पद्धत वर्तकनगर यांची भीती घालवते, पण निकालावर विश्वास बसायला आकडा हवा असेही वाटते. पदावरून दूर करण्याचे मतदान मात्र उघडच असावे. आणि निवडून आल्यावर अध्यक्षाने परिच्छेद ५ चा आधार घेऊन पक्ष सोडावा. हे शेवटचे नियमाने करता येणार नाही, पण मागणी करता येईल.

सानपाडेकर
काका, पंचाचा मुद्दा मला बराचसा पटला. तरी एक अट घालतो. पूर्वीचा गुप्त मतदानाचा नियम एका सरकारने स्वतःच्या सोयीने बदलला आणि दुसऱ्याने स्वतःच्या सोयीने तो बदल तसाच ठेवला. उद्या तो परत आणला तरी परवा पुन्हा बदलेल. पद्धत नियमात न ठेवता राष्ट्रपतींच्या निवडणुकीप्रमाणे घटनेत लिहिली जाणार असेल, तर मी गुप्त मतदानाच्या बाजूने हात वर करीन. तोपर्यंत मला माझ्या आमदाराचे मत दिसलेले बरे.

कायद्याची_विद्यार्थिनी
काकांच्या भाचीला द्यायचे उत्तर कदाचित हेच असेल, सर. राष्ट्रपतींच्या बाबतीत घटनाकारांनी ते लिहून ठेवले, अध्यक्षांच्या बाबतीत सभागृहावर विश्वास ठेवला.

तलावपाळी
हे मी तिला आजच सांगतो. वरच्या मुद्द्यांचे निवेदन करून विधानसभेच्या नियम समितीला आमच्या आमदारांमार्फत पाठवावे असा विचार आहे. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी तलावपाळीच्या नौकाविहाराजवळच्या बाकांवर कच्चा मसुदा घेऊन बसेन. सानपाडेकर, आपणही या, आपली अट आपल्याच शब्दांत लिहून हवी आहे.

सानपाडेकर
येतो काका. साडेसातची ठाणे लोकल पकडतो.